किडनी निकामी झालेल्या मुलाची उंची : भिंतीवरच्या पट्टीपासून इंजेक्शनपर्यंत

आमच्या ओपीडीत येणाऱ्या फायली जाड असतात. क्रिएटिनिन (किडनी किती काम करते हे सांगणारा रक्ताचा आकडा), पोटॅशियम, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, सगळं तारीखवार लावलेलं. आईवडील इतके तयार झालेले असतात की मागच्या दिवाळीत क्रिएटिनिन किती होतं ते तोंडपाठ सांगतात. मग मी विचारते, "आणि उंची किती होती?" की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

एका फायलीत मला वर्षभरातल्या तीन नोंदी सापडल्या होत्या. एप्रिलमध्ये १०१ सेंटीमीटर, ऑगस्टमध्ये ९९, डिसेंबरमध्ये १००.५. मुलगा सहा वर्षांचा. तीन ठिकाणच्या तीन पट्ट्या, त्यातली एक नोंद बहुधा बूट घालून घेतलेली. पोरगं मध्येच दोन सेंटीमीटर आटलं होतं आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी किडनीच्या आजाराच्या मुलांसाठी डायटीशियन म्हणून काम करते. ज्यांच्या मुलाची किडनी निकामी झाली आहे, डायलिसिस चालू आहे किंवा ट्रान्सप्लांट झालं आहे, त्या घरांसाठी हे लिहिते आहे. उंची हाही एक रिपोर्टच आहे, आणि तो सुई न टोचता, फुकटात मिळतो. तो बिघडला तर कारण शोधायचा एक क्रम आहे. तो क्रम सोडून थेट ग्रोथ हॉर्मोनच्या इंजेक्शनवर उडी मारली की पैसेही जातात आणि वर्षही जातं. औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार. इथले आकडे तुम्हाला त्यांच्याशी नीट बोलता यावं म्हणून दिले आहेत.

वाढ नेमकी कुठे अडते

निरोगी बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटीमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास, तिसऱ्यात ८. त्यानंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ७. म्हणजे पहिल्या दोन वर्षांतली गती नंतर परत मिळत नाही. या काळातली वाढ जवळजवळ पूर्णपणे पोटात काय जातं यावर चालते. जन्मतःच किडनी लहान किंवा सदोष असलेल्या बाळाची उंची याच दोन वर्षांत सर्वात जास्त मागे पडते, आणि नेमकं याच काळात ते बाळ उलट्या करत असतं, दूध ओढत नसतं.

पुढच्या वयात हॉर्मोनचा वाटा वाढतो. आजारी किडनीच्या मुलांच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन बहुतेक वेळा कमी नसतं, उलट कधी जास्तच असतं. पण शरीराला त्याची हाक ऐकू जात नाही. हॉर्मोनचा निरोप पुढे पोचवणारं आयजीएफ-१ रक्तातल्या प्रथिनांना चिकटून अडकून पडतं, कारण ती प्रथिनं बाहेर टाकायचं काम किडनीचं असतं. म्हणून "हॉर्मोनची टेस्ट नॉर्मल आली, मग इंजेक्शन कशाला" हा प्रश्न या मुलांच्या बाबतीत चुकतो. इथे इंजेक्शन उणीव भरायला नसतं, ऐकू यावं म्हणून आवाज चढवायला असतं.

तिसरा टप्पा वयात येण्याचा. तो या मुलांत सरासरी दोन वर्षं उशिरा येतो आणि त्या वेळची उंचीची झेपही अपुरी असते.

याशिवाय रक्तातलं आम्ल, मिठाची गळती, हाडांचा आजार, रक्तक्षय, स्टेरॉइड, अपुरं डायलिसिस, वारंवार जंतुसंसर्ग. एकेका मुलात यातली दोन-तीन कारणं हातात हात घालून असतात.

आधी मोजा, आणि एकाच पट्टीने मोजा

घरी मोजायचं तर सपाट भिंत निवडा, खाली फरशी समतल असलेली. पायापाशी लाकडी कंगोरा असेल तर ती भिंत चालणार नाही. शिंप्याची टेप वापरू नका, ती ताणते. पोलादी टेप फरशीपासून उभी चिकटवा आणि कायम तिथेच राहू द्या.

बूट, मोजे, हेअरबँड काढा. मुलींच्या वेण्या आणि आंबाडा सोडा. टाचा, ढुंगण, पाठ भिंतीला. नजर समोर: कानाचं भोक आणि डोळ्याची खालची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे, हनुवटी वर केलेली नको. डोक्यावर जाडजूड पुस्तक काटकोनात टेकवा आणि मग वाचा. दोन माणसं हवीत. एकाने टाचा उचलल्या जात नाहीत ना ते पाहायचं, कारण मुलं उंच दिसण्यासाठी हमखास टाचा उचलतात. तीनदा मोजा आणि सरासरी मिलिमीटरसकट लिहा. वेळही ठरलेली ठेवा. पाठीच्या कण्याच्या गाद्या दिवसभरात दबतात आणि संध्याकाळी अर्धा ते एक सेंटीमीटर कमी भरतो.

दोन वर्षांखालचं बाळ आडवं मोजतात. त्यासाठी इन्फँटोमीटर लागतो, त्यामुळे ते दवाखान्यातच करून घ्या आणि तीन वर्षांपर्यंत डोक्याचा घेरही लिहून घ्या. बाळांची नोंद दर महिन्याला, मोठ्या मुलांची दर तीन महिन्यांनी.

वजनाची गंमत वेगळी आहे. पेरिटोनियल डायलिसिसवर, म्हणजे पोटात पाणी भरून करायच्या डायलिसिसवर, असलेल्या मुलाच्या पोटात एक लिटर पाणी असेल तर काट्यावर एक किलो जास्त दिसतो. पोट रिकामं करून वजन घ्या. हिमोडायलिसिसवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं रक्त मशीनमधून गाळतात त्यांनी, डायलिसिस संपल्यावरचं वजन धरायचं. अंगावर सूज असताना "वजन वाढलं" म्हणून पेढे वाटलेले मी पाहिलेत. अशा वेळी दंड बघा. गाल भरलेले आणि दंड काडीसारखे असतील तर वाढलं आहे ते पाणी.

आता हे आकडे तक्त्यावर बसवा. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते, आणि ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे. हे भारतीय तक्ते आपल्याकडच्या मुलांच्या मोजमापांवर बेतलेले आहेत आणि त्या कामात पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. परदेशी तक्त्यावर आपलं निरोगी पोरही बुटकं दिसू शकतं, म्हणून कोणता तक्ता वापरला हे विचारा. तक्त्यावरच्या सर्वात खालच्या, तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली (शंभरातली सर्वात बुटकी तीन मुलं जिच्या खाली येतात ती) ठिपका गेला की मुलाची उंची कमी धरतात.

ठिपका कुठे आहे यापेक्षा तो कुठे चालला आहे हे मी आधी बघते. गणित सोपं आहे. सहा वर्षांच्या मुलाची उंची जानेवारीत १०१.२ आणि जुलैमध्ये १०३.१ असेल तर सहा महिन्यांत १.९, म्हणजे वर्षाला ३.८ सेंटीमीटर. या वयात पाचच्या खाली गती गेली की मी पेन खाली ठेवून फाईल पहिल्यापासून वाचते. तीन महिन्यांच्या फरकावरून मात्र गती काढू नका, मोजण्यातली चूकच त्यापेक्षा मोठी असते.

आणखी एक बेरीज करून ठेवा. आईवडिलांच्या उंचीची सरासरी काढा, मुलगा असेल तर त्यात ६.५ मिळवा, मुलगी असेल तर ६.५ वजा करा. वडील १६६ आणि आई १५३ असेल तर सरासरी १५९.५. मुलाचा अंदाज १६६, मुलीचा १५३. आई-वडीलच बेताच्या उंचीचे असतील तर पोराकडून पावणेसहा फुटांची अपेक्षा धरायला नको.

पोटात पुरेसं जातंय का

सगळ्यात जास्त नुकसान होताना मी इथे पाहते, आणि तेही मायेपोटी. "किडनीचं आहे" म्हटलं की घरात यादी लागते: डाळ बंद, दूध बंद, अंडं बंद, फळ बंद, मीठ बंद. उरतो तो भात. मोठ्या माणसांच्या किडनीच्या आजारात प्रथिनं कमी करायचा सल्ला बरेचदा असतो. तो सल्ला शेजारच्या काकांकडून मुलाच्या ताटापर्यंत येतो. वाढत्या मुलाला तो लागू नाही. त्याच्या वयाला लागतील तेवढी प्रथिनं द्यायचीच असतात, आणि डायलिसिसवर तर थोडी जास्त, कारण डायलिसिसच्या पाण्यातून ती वाहून जातात.

अंदाज द्यायचा तर ४ ते १३ वर्षांच्या मुलाला हिमोडायलिसिसवर रोज किलोमागे सुमारे १ ग्रॅमहून किंचित जास्त, पेरिटोनियल डायलिसिसवर १.१ च्या आसपास. १५ किलोच्या मुलाला म्हणजे १६-१७ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० मिली दुधात ३ ते साडेतीन, बाकी वरण, पोळी आणि भातातून निघतं. फॉस्फरस चढलेला असेल तर पिवळं बलक सोडून दोन अंड्यांचं पांढरं घ्या. प्रथिनं जवळपास तेवढीच, फॉस्फरस नगण्य.

पण प्रथिनांच्या आधी उष्मांक. ताटात उष्मांक कमी असतील तर शरीर प्रथिनंच चुलीत घालतं, मग कितीही अंडी द्या. निरोगी मुलाला त्या वयात लागतात तेवढे उष्मांक या मुलालाही लागतात, आणि भूक मात्र अर्धी असते. त्यामुळे घास वाढवता येत नसेल तर घास जड करायचा. एका चमच्यात ५ ग्रॅम साजूक तूप, ४५ कॅलरी. दिवसभरात भात, वरण, पोळी, शिरा यांत मिळून चार चमचे जास्तीचे गेले की १८० कॅलरी झाल्या आणि मुलाला एक घासही जास्त खावा लागला नाही. तांदळाची उकड, तुपातला शिरा, घावन, साबुदाण्याची खीर या मुलांना चांगली मानवते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. खिचडीत अडचण साबुदाण्याची नसतेच, त्यातल्या बटाट्याची आणि दाण्याच्या कुटाची असते.

दोन चमचे खाऊन तोंड फिरवणाऱ्या बाळाच्या मागे घर दिवसभर वाटी घेऊन फिरतं. आजी गाणी म्हणते, आजोबा मोबाइल दाखवतात, आई रडते, आणि शेवटी सगळं उलटून पडतं. दोन-तीन महिने असे गेले आणि वजन हललं नाही तर नळीचा विषय टाळू नका. नाकातून पोटात जाणारी बारीक नळी, किंवा जास्त काळ लागणार असेल तर पोटावर छोटंसं भोक पाडून बसवलेली गॅस्ट्रोस्टोमी. रात्री झोपेत पंपाने हळूहळू दूध जातं, दिवसा तोंडाने जमेल तेवढं. घरच्यांना ही हार वाटते. मी म्हणते, पहिल्या दोन वर्षांतले सेंटीमीटर तुमच्या अभिमानापेक्षा महाग आहेत. नळी असली तरी चव, वास, घास हातात धरणं चालू ठेवा, नाहीतर पुढे बाळ तोंडाने खायचंच विसरतं.

बद्धकोष्ठताही विसरू नका. पोट साफ नसलं तर भूक मरते, पोटॅशियम चढतं आणि पेरिटोनियल डायलिसिसचं पाणी नीट निघत नाही. इतकी साधी गोष्ट महिनोन्महिने कुणी विचारत नाही.

मीठ: सगळ्यांचं बंद नसतं

इथे माझीच चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दीड वर्षाच्या मुलाच्या आईला मी मीठ बंद करायला सांगितलं. व्हॉल्व्हचा पेशंट, म्हणजे जन्मतःच लघवीच्या मार्गात पडदा असलेला. आई म्हणत होती, "मॅडम, हा रात्री चारदा उठून पाणी मागतो, दुपटी तर मोजायलाच नको." मी ते ऐकलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. तीन महिने त्याचं वजन हललं नाही. मग आमच्या वरिष्ठ डॉक्टरांनी फाईल बघून विचारलं, "हा मुलगा मीठ गाळतोय, आणि तुम्ही त्याचं मीठ काढलंत?"

किडनीच्या आजारात सूज आणि रक्तदाब असेल तर मीठ कमी करतात, ते बरोबरच आहे. पण जन्मजात सदोष किडनीची आणि व्हॉल्व्हची बरीच मुलं भरपूर लघवी करतात आणि त्या लघवीतून मीठ, पाणी वाहून जातं. पेरिटोनियल डायलिसिसवरच्या तान्ह्या बाळांचंही मीठ डायलिसिसच्या पाण्यात जातं. अंगातलं मीठ आटलं की वाढ थांबते, आणि रक्तातलं सोडियम नॉर्मल दिसत असतानाही हे घडू शकतं. खूप लघवी, खूप तहान, रक्तदाब कमीकडे, मूल खारट वस्तू चाटत फिरतंय, हे चित्र असेल तर डॉक्टरांना थेट विचारा: याला मीठ वरून द्यायला हवं का? त्या मुलाला मीठ सुरू केल्यावर दोन महिन्यांत वजनाचा काटा हलला. तेव्हापासून मी दुपटी मोजायला सांगते.

बाजारातलं "लो सोडियम" मीठ मात्र या घरांत आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि ते हृदयाशी खेळ करू शकतं.

आम्ल

किडनी काम करेनाशी झाली की रक्तात आम्ल साठतं. शरीर ते निववायला हाडांतला क्षार काढतं, स्नायू झिजवतं. रिपोर्टमध्ये "बायकार्बोनेट" ही ओळ शोधा. ती २२ किंवा त्याहून वर हवी. फायलीत ही ओळ नसेल तर पुढच्या तपासणीत घालून घ्या. उपाय स्वस्तातला आहे: सोडिअम बायकार्बोनेटच्या गोळ्या, ज्यांना बहुतेक जण सोडामिंट म्हणतात. ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे ६ मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं माप) बायकार्बोनेट असतं. दिवसातून दोन-तीनदा विभागून देतात. चव वाईट, ढेकरा येतात, म्हणून मुलं गालात धरून नंतर थुंकतात. खिडकीखालच्या कुंडीत अर्धा डझन गोळ्या सापडल्याची गोष्ट मला एका आजींनी सांगितली आहे. रिपोर्ट सुधारत नसेल तर डोस वाढवण्याआधी कुंडी बघा.

हाडं, फॉस्फरस आणि गोळी देण्याची वेळ

हाडाच्या टोकाशी असलेल्या मऊ कूर्चेतून उंची वाढते. फॉस्फरस चढला, ड जीवनसत्त्व कमी पडलं, हाडांतलं कॅल्शियम ओढून काढणारं पॅराथायरॉइड हॉर्मोन भडकलं की ती जागाच बिघडते. पाय धनुष्यासारखे वाकणं, गुडघे एकमेकांना लागणं, बदकासारखी चाल, पाय दुखतात म्हणून जिना टाळणं ही लक्षणं घरात आधी दिसतात. फॉस्फरसचा आकडा वयाप्रमाणे वाचायचा असतो. बाळांचा नॉर्मलच मोठ्यांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे मोठ्यांच्या छापील रेंजशी ताडून घाबरू नका आणि उगाच कमीही करू नका. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी ३० नॅनोग्रॅमच्या वर ठेवायचा प्रयत्न असतो. आपल्याकडे ऊन इतकं असूनही बहुतेक मुलांचं ते कमीच भरतं.

फॉस्फरस धरून ठेवणाऱ्या गोळ्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, कॅल्शियम अ‍ॅसिटेट, सेव्हेलामर. त्या घासाबरोबरच द्यायच्या. डब्यात शाळेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही जेवण तिथे गोळी. सकाळी उपाशीपोटी दिली तर ती अन्नातला फॉस्फरस धरणार कुठून? लोहाची गोळी मात्र या गोळ्यांपासून दोन-तीन तास लांब ठेवा.

फॉस्फरस कमी करायचा म्हणून डाळ तोडण्याआधी पाकिटं तोडा. कोला, प्रोसेस्ड चीज, पाकीटबंद नूडल्स, बेकरीचे पदार्थ यांत मिसळलेला फॉस्फेट जवळपास सगळा शोषला जातो. डाळीतला फॉस्फरस अर्ध्याच्या आसपासच शोषला जातो. वरणभात काढून घेऊन हातात क्रीमचं बिस्किट देणारी घरं मी रोज बघते.

पोटॅशियमबद्दल थोडक्यात: ते चढत असेल तर भाज्या, बटाटे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी फेकून मग फोडणी द्या. आजारी माणसाला बघायला येणारे नातेवाईक शहाळं घेऊन येतात, ते त्यांनीच प्यावं. कमरख म्हणजे स्टारफ्रूट मात्र पोटॅशियम कितीही असलं तरी किडनी निकामी असलेल्याला एक फोडही नको, त्यातलं विष मेंदूवर जातं. कोकण-गोव्यात परसात झाड असतं म्हणून मुद्दाम सांगते.

रक्त, थायरॉइड, डायलिसिस

हिमोग्लोबिन ११ ते १२ च्या आसपास ठेवायचं असतं, त्यासाठी रक्त वाढवणारं एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आणि लोह. थायरॉइडची तपासणी एकदा झालेली असावी.

डायलिसिसवर असूनही सगळं ठीक करून उंची हलत नसेल तर डायलिसिसच अपुरं पडतंय का, हा प्रश्न विचारायचा. पैसे आणि प्रवास यांमुळे आपल्याकडे बरीच मुलं आठवड्यातून तीनऐवजी दोनदाच डायलिसिस घेतात. दोनदाच्या डायलिसिसवर मूल जगतं, वाढत नाही. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं आणि जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. समाजसेवा विभागातल्या माणसाला गाठा, डॉक्टरांपेक्षा त्यांना यातलं जास्त माहीत असतं. हिमोडायाफिल्ट्रेशन नावाच्या, जास्त स्वच्छ गाळणाऱ्या प्रकारात मुलांची उंची थोडी बरी वाढते असं २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. तुमच्या केंद्रात ती सोय असेल तर विचारून बघायला काय जातं?

मग इंजेक्शन

वरचं सगळं सहा महिने नीट सांभाळलं, तरी ठिपका तिसऱ्या पर्सेंटाइलच्या रेषेखाली आणि गती मंद, तर ग्रोथ हॉर्मोनचा विचार करायचा. अमेरिकेत १९९३ पासून किडनीच्या आजारातल्या मुलांसाठी त्याला मान्यता आहे, म्हणजे हे काही नवखं औषध नाही. सहा महिन्यांवरच्या मुलाला ते देता येतं. पहिल्या वर्षात, न घेणाऱ्या मुलांच्या तुलनेत सरासरी चारेक सेंटीमीटर जास्त उंची मिळते. पुढच्या वर्षांत हा फायदा ओसरत जातो.

डोस रोज किलोमागे ०.०४५ ते ०.०५ मिलिग्रॅम, कातडीखाली. १८ किलोच्या मुलाला ०.०५ ने ०.९ मिलिग्रॅम होतात. काही कंपन्या युनिटमध्ये लिहितात. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट, म्हणून ०.९ चे २.७ युनिट. हा गुणाकार स्वतः करून बघा, ब्रँड बदलला की इथेच घोळ होतो. महिन्याला २७ मिलिग्रॅम लागणार, त्यावरून दुकानदाराकडून खर्च काढा आणि किमान दोन वर्षं पेलेल का याचा विचार सुरुवातीलाच करा. चार महिने देऊन बंद करण्यात अर्थ नाही. मूल वाढेल तसा डोसही वाढवावा लागतो, हे गणितात धरा.

सुरू करण्याआधी डाव्या मनगटाचा एक्स-रे हवा. वाढीच्या जागा बंद झाल्या असतील तर इंजेक्शनचा उपयोगच नाही. डोळ्यांचा पडदा, साखर, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड हॉर्मोन तपासतात. पॅराथायरॉइड खूप चढलेलं असेल, साधारण ५०० पिकोग्रॅमच्या वर, तर आधी ते खाली आणतात. कॅन्सर असेल किंवा मूल अतिदक्षता विभागात असेल तर देत नाहीत.

इंजेक्शन रात्री झोपताना, कारण शरीराचं स्वतःचं हॉर्मोनही झोपेतच सुटतं. हिमोडायलिसिसच्या दिवशी डायलिसिस संपून तीन-चार तास झाल्यावर द्या, नाहीतर डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे जागा काळीनिळी होते. मांडी, दंड, पोट, ढुंगण अशी जागा रोज बदला. औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांवर, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलं की टाकून द्यायचं. उन्हाळ्यात गावी एसटीने जाताना बर्फाची पिशवी थेट औषधाच्या नळकांडीला (कार्ट्रिजला) लावू नका, मध्ये रुमाल घाला.

डोकं सतत दुखणं आणि उलट्या, किंवा अंधुक दिसणं ही मेंदूवरचा दाब वाढल्याची खूण असू शकते. लंगडणं, कमरेत किंवा गुडघ्यात दुखणं ही मांडीच्या हाडाचं टोक सरकल्याची असू शकते. गुडघा दुखतो म्हणून गुडघ्याचाच एक्स-रे काढून परत पाठवलेली मुलं पाहिली आहेत, नितंबाच्या सांध्याचाही मागून घ्या. या दोन्हींत इंजेक्शन थांबवून त्याच दिवशी फोन करा.

पहिल्या सहा महिन्यांत गती वाढली नाही तर आधी इंजेक्शन खरंच रोज पोचतंय का ते बघा. बारा-तेरा वर्षांचं मूल स्वतः टोचून घेत असेल तर रिकाम्या कार्ट्रिज मोजा, त्याला न दुखावता.

ट्रान्सप्लांट झाल्यावर

घरच्यांची समजूत असते की नवी किडनी बसली की पोर सरसर वाढेल. सहा वर्षांखालच्या मुलांत तसं बऱ्याच अंशी घडतं. मोठ्या मुलांत फार कमी. झालेलं नुकसान ट्रान्सप्लांट आपोआप भरून देत नाही, म्हणून त्याची वाट बघत आधीची वर्षं वाया घालवू नका.

नंतरची वाढ दोन गोष्टींवर ठरते: नवी किडनी किती चांगली चालते, आणि स्टेरॉइड किती. रोज घेतलेलं प्रेडनिसोलोन, म्हणजे हेच स्टेरॉइड, वाढीच्या जागेवर थेट ब्रेक लावतं. काही केंद्रं ते लवकर काढतात, काही एक दिवसाआड देतात. युरोपातल्या एका अभ्यासात २०१० साली दिसलं की लवकर स्टेरॉइड काढलेली, वयात न आलेली मुलं जास्त वाढली. पण ज्याचं शरीर नवी किडनी नाकारण्याचा धोका जास्त त्याला हा मार्ग नाही, आणि तो निर्णय तुमच्या टीमचाच. घरच्या घरी स्टेरॉइड कमी करणं किंवा अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर वाट पाहूनही उंची धरत नसेल तर ग्रोथ हॉर्मोनचा विषय पुन्हा काढता येतो.

शाळा, कपडे, आणि वय

दहा वर्षांचं मूल सहा वर्षांचं दिसलं की सगळं जग त्याच्याशी सहा वर्षांसारखं बोलतं. कंडक्टर अर्धं तिकीटही मागत नाही, बाई पहिल्या बाकावर बसवतात, पाहुणे गाल ओढतात. वर्गशिक्षकांना एकदा भेटून वय, आजार आणि चिडवण्याबद्दल सांगा. "बुटका" हा शब्द घरात, लाडानेही, बंद करा. कपडे मापाचे शिवा, "दोन वर्षं पुरतील" म्हणून ढगळे नकोत. वयात यायला उशीर होतो आहे हे आठवी-नववीतल्या मुलाला स्वतःला सांगायला हवं, आईच्या तोंडून नाही जमलं तर डॉक्टरांकडून.

पुढच्या ओपीडीला जाताना फायलीच्या पहिल्याच पानावर हे असू द्या: तारखेसह उंचीच्या शेवटच्या चार नोंदी, कोणत्या पट्टीने ते, वर्षाची गती, आईवडिलांची उंची, बायकार्बोनेट, हिमोग्लोबिन, फॉस्फरस, पॅराथायरॉइड, स्टेरॉइडचा डोस आणि कालच्या एका दिवसात मुलाने खरोखर काय खाल्लं. खरोखर म्हणजे वाढलेलं नाही, पोटात गेलेलं. ताटात उरलेलं आणि कुंडीत गेलेलं वजा करून.